तपकिरी बटणं

उकळलं की सगळं मरतं, हे सिस्टरांचं ब्रह्मवाक्य होतं. सगळी नोकरी त्यांनी ऑपरेशन थिएटरच्या मागच्या खोलीत काढली, जिथं कात्र्या, चिमटे आणि सुया उकळून निघत. सर्जन बदलले, मशिनं बदलली, सिस्टर काही हलल्या नाहीत. आपल्या हाताखालून गेलेल्या हत्यारानं कुणाच्या जखमेत कधी पू झाला नाही, हे त्या कुणी विचारलं नसतानाही सांगत. निवृत्त झाल्या तरी अख्खी इमारत त्यांना सिस्टरच म्हणे, आणि त्यांनाही ते आवडे. जित्याची खोड ती! घरात दुधाची बाटली, नातीची खेळणी, नखं कापायचं कटर, जे हाती लागेल ते पातेल्यात जाई. मुलगा त्याच तालमीत वाढला. लिफ्ट दुरुस्त करून ग्रीसनं बरबटून आला की आधी कडकडीत पाणी, मग आईशी बोलणं. सून नवी होती तेव्हा हसायची, पुढं तीही मुकाट्यानं उकळू लागली.

या घरात गरम पाण्याशी वाकडं असलेली एकच वस्तू होती. बाहेरच्या खोलीत, भिंतीला लागून, खाऱ्या पाण्याची मोठी काचेची टाकी. ती सिस्टरांच्या यजमानांची. ते शाळेत चित्रकला शिकवायचे, म्हणून सगळ्यांचे मास्तर. दगडांची कमान त्यांनी स्वतः रचली, खडक खडकाला चिकटवून, आणि तिच्या शेजारी नखाएवढा प्रवाळाचा तुकडा लावला. तो वाढून परडीएवढा झाला. फिकट हिरवा, टोकांना जांभळा, पंपाच्या झोतात संथ डोलणारा. हे झाड नाही, असंख्य तोंडांचा जिवंत प्राणी आहे, असं मास्तर आल्यागेल्याला तासभर समजावत आणि शेवटी स्वतःच म्हणत, "बघा ना, माझं झाड कसं डोलतंय!"

शेवटच्या आजारात त्यांनी सिस्टरांचा हात धरला. आता काहीतरी गोड बोलतील म्हणून सिस्टर वाकल्या, तर मास्तर म्हणाले, "माझं झाड तेवढं जगव." सिस्टरांना असा संताप आला! मरताना बायकोला सांगायची ही का गोष्ट? पण शब्द दिला, आणि दिला तो दिला. मास्तर गेल्यावर त्या रोज पाण्याचं मीठ मोजत, काच पुसत, आणि कुणी नसलं की झाडाशी भांडतही.

बटणं आणली ती मुलानं. बाबांच्या मागं टाकी ओकीबोकी दिसते, आईला जरा बरं वाटेल, म्हणून त्यानं मासेवाल्याकडून एक छोटा खडक आणला. त्यावर कोटाच्या बटणांसारखे तपकिरी जीव होते, कडेला बारीक केसांची झालर असलेले. दिसायला गोड. नातीनं टाळ्या पिटल्या. तिचं नाव खारूताई, कारण खाऊ गालात साठवून ठेवायची तिची सवय. सिस्टरांनी खडक तसाच टाकीत सोडला. बाहेरची सुई कधी तशीच आत न घेणारी बाई! मुलानं प्रेमानं आणलंय, तर त्याच्यासमोर कुठं संशय घ्यायचा, असं त्यांना वाटलं.

बटणं वाढली. आधी आपला खडक भरला, मग वाळू ओलांडून मास्तरांच्या कमानीवर चढली. कमान तपकिरी झाली, तिचा मूळ रंग कुठं दिसेना. एका सकाळी सिस्टर काच पुसताना थबकल्या. कमानीकडच्या बाजूनं झाडानं अंग आखडून घेतलं होतं, आणि तिथं खालचा पांढरा सांगाडा उघडा पडला होता. पेशंटचं हाड दिसल्यावर कधी न डगमगलेल्या सिस्टर तिथं स्टुलावर बसल्या आणि रडल्या.

मग त्यांनी कंबर कसली. चुन्याची पूड पाण्यात कालवून सिरिंजमध्ये भरली आणि एकेका बटणाच्या मधोमध सुई घातली. बटणं मिटली, वितळली. सिस्टर दिवसभर गुणगुणत होत्या. पण जिथं एक मेलं तिथं पुढच्या आठवड्यात चार उगवली, आणि झाडाचा पांढरा डाग आणखी मोठा झाला.

अखेर त्यांनी मासेवाल्याला घरी बोलावलं. हा गृहस्थ म्हणजे बोलण्याचा कारखाना. आपल्या दुकानातला एक मासा आपल्याला खोकल्यावरून ओळखतो, असं तो शपथेवर सांगे. टाकीत बघून त्यानं मान हलवली.

"सिस्टर, ही बटणं म्हणजे बोट धरून घरात शिरणारे पाहुणे. बसायला जागा दिली की पलंग त्यांचा."

"ते मला दिसतंय. मारायची कशी ते सांगा."

"मारूच नका. ही कमान अख्खी उचला, पिशवीत बांधा, टाकून द्या. हातमोजे घाला, चष्मा घाला. घासू नका, खरवडू नका, आणि उकळू-बिकळू तर मुळीच नका! यांच्या अंगात जहर असतं. एकानं उकळली तर वाफेनं घरातली सगळी माणसं आडवी झाली म्हणतात."

"म्हणतात?"

"म्हणजे मी पाहिलं नाही. पण माझ्या मेव्हण्याचं कासव आहे ना, त्याची गोष्ट ऐकाल तर..." आणि गाडी कासवावर गेली ती चहा संपला तरी परत आली नाही. त्याच्या दहा शब्दांतले नऊ फेकलेले असतात, हे सिस्टरांचं निदान पक्कं होतं. दहाव्याकडं मग कोण लक्ष देतो?

त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट अडकली: टाकून द्या. मास्तरांनी हातानं रचलेली कमान, कचऱ्यात! थिएटरमध्ये त्यांनी कधी हत्यार टाकलं नव्हतं. उकळायचं आणि पुन्हा कामाला लावायचं. जहर आणि जंतू यांतला फरक त्यांना ठाऊक नव्हता, असं कुणी म्हणू नये. चांगला ठाऊक होता. पण माणूस जन्मभर एकाच चावीनं सगळी कुलपं उघडत आला, की नवं कुलूप दिसलं तरी हात त्याच चावीकडं जातो.

त्या दिवशी सून कामासाठी परगावी होती आणि मुलगा लिफ्टच्या कामावर. बाहेर बोचरा वारा होता, म्हणून खिडक्या घट्ट लावलेल्या. खारूताई स्वयंपाकघरातल्या टेबलावर चित्र काढत बसली होती. सिस्टरांनी हातमोजे चढवले, कमान हळूच बाहेर काढली, सिंकमध्ये कडक ब्रशनं घासली आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या पातेल्यात ठेवली. वर पाणी, खाली मोठा गॅस. काम कसं शिस्तीत झालं!

पाण्याला उकळी फुटली तसा वास सुटला. कुजलेलं काहीतरी जळतंय तसा.

"आजी, समुद्र जळतोय का?" खारूताईनं नाक चिमटीत धरलं.

"बटणं मरतायत, बाळ. आता आजोबांचं झाड बरं होईल."

सिस्टर झाकण उघडून पुन्हा पुन्हा बघत होत्या. बटणं सुटतायत की नाही? वाफेचा लोट तोंडावर येई, चष्मा धुरकट होई, त्या पदरानं पुसत आणि पुन्हा वाकत. जिभेवर नाणं ठेवावं तशी चव आली. पातेलं कल्हईला आलं असेल, त्यांनी ठरवून टाकलं.

थोड्या वेळानं खारूताई खोकली. मग पुन्हा. नाक गळायला लागलं, डोळे लाल झाले. सिस्टरांनी कपाळाला हात लावला. अंग कढत होतं.

"बघ, शाळेतून सर्दी घेऊन आलीस ना! ये, वाफ देते."

त्यांनी दुसऱ्या शेगडीवर स्वच्छ पाणी गरम केलं. पोरीला जवळ बसवून तिच्या डोक्यावरून टॉवेल टाकला, आणि वाफ वाया जाऊ नये म्हणून स्वयंपाकघराचं दारही लावून घेतलं. शेजारी पातेलं रटरटत होतं.

"खोल श्वास घे. शहाणी ना माझी? अजून खोल."

पोर शहाणी होती. आजी म्हणाली तसा तिनं खोल श्वास घेतला.

टॉवेलखालून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, तेव्हा सिस्टरांचे स्वतःचे हात कापत होते. पायांत गोळे आले होते, छातीवर कुणी बसल्यासारखं झालं होतं. त्यांनी टॉवेल उचलला. पोरीचे ओठ निळसर दिसले. एकाच घरातली दोन माणसं एकाच घटकेला पडली, तर ती सर्दी नसते. हे तर त्या नव्या नर्सना शिकवत आल्या होत्या. आणि मासेवाल्याचा तो दहावा शब्द त्यांच्या कानात वाजला.

त्यांनी सवयीनं गॅस बंद केला, पोरीला उचललं आणि जिन्यानं खाली धावल्या. कुठून ताकद आली कोण जाणे. दारात टॅक्सी मिळाली. वाटेत त्या एकच घोकत होत्या, "श्वास घे, खारू. नको, खोल नको, हळू घे."

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. पोरीच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावून त्यांनी सिस्टरांना पडद्याआड घेतलं.

"घरात काय झालं? काही फवारलंत का? काही हुंगलं का तिनं?"

सिस्टरांनी आधी पडदा नीट ओढून घेतला. पोरीचा जीव होता समोर. त्या अगदी हळू म्हणाल्या, "मी टाकीतला खडक उकळला. त्यावर विषारी जीव होते. आणि वर पोरीला तिथंच वाफ दिली."

डॉक्टरीणबाईंनी ते केसपेपरवर लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत, नाहीतर आम्ही न्यूमोनिया शोधत बसलो असतो. तुम्हालाही झोपावं लागेल. आणि घरी कुणाला पाऊल ठेवू देऊ नका, काय?"

सिस्टरांनी मान हलवली.

पोरीचा श्वास जरासा सावरला तेवढ्यात निरोप मिळून मुलगा धावत आला, ग्रीसनं माखलेल्या कपड्यांतच. सिस्टर बाकावर होत्या, हाताला सलाईन. तो त्यांच्यासमोर उकिडवा बसला.

"आई, काय झालं गं?"

सांगायचं होतं. आत्ताच सांगायचं होतं. पण पडद्याआड परक्या बाईला सांगणं वेगळं, आणि ज्याला तिळातिळानं वाढवलं त्याच्या डोळ्यांत बघून 'तुझ्या पोरीला मी मारत होते' म्हणणं वेगळं. सिस्टर म्हणाल्या, "छातीत कफ झालाय."

मुलानं आईच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. "तू होतीस म्हणून बरं, आई. दुसरं कुणी असतं तर कळलंही नसतं."

झालं! त्या एका वाक्यानं सिस्टरांचं तोंड शिवलं गेलं. जरा दम धरू, पोरगी डोळे उघडू दे, मग सांगू, असं त्यांनी मनाला समजावलं. मुलगा म्हणाला, "मी आलोच," आणि गेला. खाली कागद भरायला गेला असेल, त्यांना वाटलं.

सलाईनची बाटली रिकामी होत आली तरी तो परतला नाही. त्यांनी फोन लावला.

"अरे, कुठं आहेस तू?"

"घरी. मघापासून इथंच आहे. खारूचे कपडे नि बाहुली घ्यायला आलो, तर स्वयंपाकघरात हा वास! बाबांची कमान पातेल्यात तशीच पडली होती बघ. खारूच्या गडबडीत तुझं अर्धंच राहिलं वाटतं, खाचांतून बटणं अजून चिकटलेली आहेत. म्हटलं, आई येईपर्यंत तिचं काम पुरं करून टाकू. परत गॅस लावलाय. उकळलं की सगळं मरतं, तूच म्हणतेस ना?" तो हसला, आणि हसता हसता खोकला.

"खिडक्या उघड! नको, काही उघडू नकोस, आधी बाहेर पड!"

"वास शेजाऱ्यांकडं जाईल गं. झालंच आता. घसा तेवढा खवखवतोय मघापासून, तोंडात काहीतरी नाण्यासारखी चव..."

सिस्टर उठल्या. सलाईनची सुई हातातून निसटली. सगळा व्हरांडा ऐकत होता, ऐकू दे. "बाळा, ते विष आहे! मीच उकळलं, मीच पोरीला त्या वाफेत बसवलं, म्हणून तिचा श्वास कोंडला. माझ्या हातून झालं. पाया पडते तुझ्या, बाहेर पड!"

"आई," मुलगा म्हणाला, "मघाशी तर कफ म्हणालीस."

मग तो खोकायला लागला, आणि खोकतच राहिला. सिस्टर त्याला हाका मारत होत्या. थोड्या वेळानं खोकलाही थांबला, आणि फोनमधून पातेल्यावरचं झाकण थडथडल्याचा तेवढा आवाज येत राहिला.