डबीतला खिळा

“मॅडम, हे ‘फॉर द टाइम बीइंग’ म्हणजे नेमके किती दिवस हो?” चार्ज घ्यायला आलेल्या नव्या मुलीनं बदलीचा कागद पुढं केला.

टाइमबीइंगबाईंनी तो वाचायच्या आधीच ओळखला. इस्पितळाच्या तळघरातल्या या रेकॉर्ड रूममध्ये त्याही असाच कागद घेऊन आल्या होत्या, आणि भेटेल त्याला सांगत सुटल्या होत्या, “मी काय, फॉर द टाइम बीइंग आहे इथं.” ऑफिसातल्या लोकांना तेवढं पुरे. नाव पडलं ते पडलंच.

“तूर्तास,” त्या म्हणाल्या. “दुसरी सोय होईपर्यंत.”

“म्हणजे महिना-दोन महिने?”

“मला बावीस वर्षं झाली. आज रिटायर होतेय.”

मुलीला ती थट्टा वाटली. ती हसली, मग तिनं कागद पुन्हा एकदा वाचून पाहिला.

वर नोंदणी विभागात चार बायका एकत्र डबा खायच्या. आपली खुर्ची आज ना उद्या तिथं लागणार, या आशेवर बाईंनी तळघरात कधी बस्तान बसवलंच नाही. पाणी प्यायला स्वतःचा पेलासुद्धा आणला नाही. पर्स खिडकीच्या कडीला लटकवायची, खिडकी उघडायची झाली की मांडीवर घ्यायची. घरीही तीच तऱ्हा. आई गेल्यावर धाकटा भाऊ म्हणाला होता, “ताई, तूर्तास माझ्याकडं राहा.” भावजय बिचारी कपाट रिकामं करून द्यायला तयार होती, बाईच म्हणायच्या, “कशाला उगाच?” त्यांची ट्रंक अजून पलंगाखाली होती. एकटं वाटायचं, फार वाटायचं. पण तेही काही दिवसांपुरतंच, असं त्या धरून चालल्या होत्या.

“पर्स कुठं ठेवू?” मुलीनं विचारलं.

“खिडकीच्या...” बाई थांबल्या. ड्रॉवर उघडून त्यांनी टाचण्यांच्या डबीतून एक खिळा काढला. पहिल्याच आठवड्यात आणलेला. दोन दिवसांसाठी भिंत कशाला खराब करा, म्हणून राहून गेला होता. आता गंजला होता. पेपरवेटनं त्यांनी तो ठोकला. जरा वाकडाच बसला.

“आजच अडकव. बदली झाली तर काढून घेता येते.”

मुलगी उठली, खिळ्यापाशी घुटमळली. “आधी तुमची अडकवा ना.”

“आता काय करायची? दहा मिनिटं तर राहिलीत.”

“म्हणून काय झालं?”

बाईंनी कडीची पर्स काढून खिळ्याला अडकवली, आणि सुटायची घंटा होईपर्यंत भिंतीवरच्या पर्सकडं बघत बसल्या.