काजळीच्या विटा

घर घेतलं तेव्हा मला खिळासुद्धा सरळ ठोकता येत नव्हता. राजधानी बिश्केकमध्ये, सातव्या मजल्यावर चाळीस वर्षं काढलेली बाई मी. नळ गळला की फोन करायचा आणि माणूस येईपर्यंत चहा ठेवायचा, एवढंच माझं दुरुस्तीचं ज्ञान. डोंगरातल्या आत-बाशी गावच्या शाळेत नोकरी मिळाली, कच्च्या विटांचं हे बुटकं घर दिसलं आणि मी हट्टाने विकत घेतलं.

"बघू तरी कसं जमतंय," म्हणत आई माझ्याकडे राहायला आली. तिच्यासाठी मी मोठ्या खोलीतली मानाची भिंत, जिला टेकून थोरामोठ्यांना बसवतात ती, स्वतःच्या हातांनी लिंपली आणि वर चुना दिला. इतकी गुळगुळीत झाली की येता-जाता मीच तिच्यावरून हात फिरवत होते. मग पहिला बर्फ पडला, भिंतीपलीकडच्या स्वयंपाकघरातली विटांची चूल पेटवली आणि धूर धुराड्यातून जायचा सोडून सगळा घरात. मानाची भिंत मात्र थंडगार. आई नऊ रात्री खोकत बसली. दहाव्या दिवशी सकाळी तिने माझ्या मोठ्या भावाला फोन लावला.

"एर्मेक, ये बाबा, मला घेऊन जा."

"दोनपर्यंत पोचतो," पलीकडून आवाज आला. "आणि मीरगुलला म्हणावं, ते खोपटं विकून टाक."

खोपटं! माझं डोकंच फिरलं. पण खरं सांगायचं तर भीती जास्त वाटली. आई गेली की या घरात मी एकटी आठवडाभरही टिकणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी चूल विझवली आणि धावत जाऊन शेजारच्या बुरुल एजेंचं फाटक वाजवलं. इथे थोरल्या बाईला एजे, म्हणजे ताई, म्हणतात; या साठीच्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांच्या धुराड्यातून रोज सरळ धूर निघतो.

त्या आल्या, भिंतीपुढे कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"कोणी लिंपली ही?"

"मी."

"झकास! अन् काजळीच्या विटा कुठं गेल्या?"

"कसल्या विटा?"

एजे मटकन खाली बसल्या आणि पोट धरधरून हसल्या. "अगं शहाणे, या भिंतीच्या पोटातून धूर फिरतो. वर जातो, खाली येतो, भिंत तापवतो, मग धुराड्यात. दर वर्षी काजळी काढायला तीन विटा नुसत्या मातीत बसवलेल्या असतात. तू त्यांच्यावर लेप चढवलास, काजळी आतच तुंबलीय. शाळेत काय शिकवतेस गं?"

"भूगोल."

"मग शोध आता."

"तुम्हाला माहीत असेल ना कुठं आहेत?"

"मी काय दुसऱ्याच्या भिंतीवर डोळा ठेवून होते? घे चमचा, वाजव."

लाकडी चमच्याने मी भिंत ठोकत निघाले. घट्ट विटेचा आवाज भरीव, सैल विटेचा किंचित खुळखुळता, असं एजे म्हणाल्या. मला सगळे सारखेच वाटत होते. शेवटी एका जागी मी छिन्नी लावली. माझ्याच लाडक्या भिंतीवर पहिला घाव घातला. लेप उडाला, खाली वीट पक्की, जागची हलेना.

"घर पाडायला घेतलंत का दोघींनी?" रजईतून आई खोकत म्हणाली.

"तुमच्या लेकीला भूगोल शिकवतेय," एजे म्हणाल्या.

मग मी डोळे मिटले, कान भिंतीला लावला आणि पुन्हा ठोकलं. ठक. ठक. आणि मग खुळखुळ! "ही! एजे, ही!" मी ओरडलेच. लेप खरवडला, कडेची माती उकरली आणि वीट चक्क माझ्या हातात आली. मागोमाग काजळीचा लोटच अंगावर. मी नखशिखांत काळी झाले आणि आनंदाने नाचायला लागले. दुसरी वीट दहा मिनिटांत सापडली, तिसरी तर मी पहिल्याच ठोक्यात ओळखली. आम्ही चार बादल्या काजळी काढली.

विटा परत बसवायला मी ऐटीत सिमेंटची पिशवी आणली. एजेंनी माझ्या हातावर चापटी मारली.

"तापलं की तडकेल ते. आणि पुढच्या वर्षी कशानं काढशील, सुरुंगानं? माती घे, वाळू घे, वर मूठभर मीठ."

बारा वाजता चूल पेटवली. कागद, मग शेणाच्या गोवऱ्या, मग कोळसा. ज्योत क्षणभर आमच्याकडे वळली. मग ती आत खेचली गेली आणि भिंतीच्या पोटात घर्रर्र असा आवाज सुरू झाला. मी अनवाणीच अंगणात धावले. धुराड्यातून सरळ, ताठ धूर! मी बर्फात उभी राहून बोंबलत होते, "जातोय! एजे, वर जातोय!" समोरच्या घरातली माणसं खिडकीशी आली. येऊ देत. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी दुरुस्त केलं होतं.

दोन वाजून गेल्यावर एर्मेक आला. दोन काळ्याकुट्ट बायका आणि भिंतीवरचे ओले डाग बघून दारातच थबकला.

"आग लागली होती का?"

मी तोंडावर बोट ठेवलं. मानाच्या जागी, भिंतीला पाठ टेकून आई झोपली होती. खोकला नाही, नुसता संथ श्वास.

एर्मेक पाय न वाजवता आत आला, तिच्याशेजारी बसला. भिंतीला एक तळवा लावला. मग दुसरा. बराच वेळ त्याने हात काढलेच नाहीत.

"कसं जमवलंस गं?" तो कुजबुजला.

माझी छाती फुगली. "ऐक. आधी भिंतीला कान लावायचा आणि—"

"त्याला काही शिकवू नकोस," आई डोळे न उघडताच म्हणाली. "नाहीतर हाही इथेच राहायला येईल."