हत्तीखेड्याचा खांबोबा

हत्तीखेड्याला बिझनेस पार्क पाहिजे, हे हत्तीखेड्यात कुणालाच माहीत नव्हतं. बिलोलीच्या अलीकडं, मोठ्या रस्त्यापासून आत असलेलं गाव. बिझनेस म्हणाल तर खत-बियाण्यांची दुकानं, मोबाईलची दुकानं आणि उन्हाळ्यात एक रसवंती. पार्क म्हणाल तर एस.टी. स्टँडामागं वाळलेल्या हिरवळीत उभा असलेला सिमेंटचा हत्ती, तोही सोंड गेलेला. पण नगरपंचायतीला निधी आला होता, आणि निधीच्या कागदावर ‘बिझनेस पार्क’ असं लिहिलं होतं. ‘गोशाळा’ लिहिलं असतं तर गोशाळा झाली असती.

नकाशे लातूरच्या आनंदराज सरांच्या ऑफिसनं केले. म्हणजे तिथल्या तरुण इंजिनिअरनं, शिवमनं केले. सरांनी त्यावर सही केली. खाली गाळे, वर ऑफिसं, मध्ये मोठा हॉल आणि हॉलच्या बरोबर मधोमध एक खांब. नकाशात त्याचं नाव सी-सात. मोठ्या घरात कमावता एकच असावा आणि बाकी सगळ्यांनी त्याच्या जिवावर जेवावं, तसा हा खांब होता. वरच्या दोन्ही स्लॅबचं वजन शेवटी त्याच्याच डोक्यावर येत होतं.

दुसरा स्लॅब भरून झाला, सेंट्रिंग निघालं, आणि मग देगलूरकडून वास्तुतज्ज्ञ ईश्वरप्पा आले. इमारत झाल्यावर वास्तुतज्ज्ञ बोलावणं म्हणजे लग्न लागल्यावर पत्रिका बघणं. पण नगराध्यक्ष साहेबरावांनी दोन्ही तसंच केलेलं होतं. ईश्वरप्पांनी हॉलच्या मधोमध येऊन डोळे मिटले, उघडले, आणि खांबाकडं असं बघितलं की खांबच ओशाळला असता.

“अय्यो! ब्रह्मस्थानावर भार? हा खांब नगराध्यक्षांच्या छातीवर उभा आहे.”

साहेबरावांनी छातीवर हात ठेवला. महिनाभरापासून त्यांना जळजळ होत होती.

“काढून टाका,” ते म्हणाले. “सोमवारी ब्रेकर लावा.”

शिवम लातूरहून धावत आला. “काका, हा खांब काढला तर अख्खी बिल्डिंग खाली येईल.”

“एक खांब काढल्यानं? बाकीचे काय करून राहिले मग? नुसते उभे?”

“काका, ते त्यांच्या त्यांच्या जागी हायेत. हा इथला हाय.”

“लई समजावून सांगू नको. नकाशात बदल करून दे.”

शिवमनं सरांना फोन लावला. सर म्हणाले, “त्यांना दुखवू नको. आणि खांबही काढू देऊ नको.” एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला. मोठ्या माणसांचं मार्गदर्शन असंच असतं; त्यात सगळं असतं, फक्त मार्ग नसतो.

सेंट्रिंगचा मिस्त्री जिलानी नांदेडचा. त्याची माणसं हॉलमध्येच झोपायची, तिथंच चूल मांडायची. शिवमनं त्याला विचारलं, “जिलानीभाई, ब्रेकर लावायला सांगितलं तर लावशील?”

“मी न्हाई लावणार साब. पण मी न्हाई लावला तर दुसरा लावंल. आन् माझी माणसं तवा खालीच भाकरी थापत असतील.”

रविवारी दुपारी सगळे जेवून आडवे झाले होते. शिवमनं बाजारातून शेंदूर आणि तेलाची बाटली आणली, कालवलं, आणि सी-सातला खालपासून गळ्यापर्यंत फासून टाकलं. वर दोन झेंडूची फुलं चिकटवली. पुढ्यात नारळ ठेवला. मराठवाड्यात दगडाला शेंदूर लागला की तो दगड राहत नाही, त्याला हात लावायची कुणाची छाती होत नाही, हे त्याला शाळेपासून माहीत होतं. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत खांब वाचवायचा याहून खात्रीचा उपाय त्याला कुणी शिकवला नव्हता.

सोमवारी ब्रेकरवाला आला. त्यानं खांब बघितला, चपला काढल्या आणि ब्रेकर तिथंच ठेवून पाया पडला.

आठवड्यात देवाला नाव मिळालं. खांबोबा. पंधरवड्यात तो नवसाला पावला. कुणाची तरी हरवलेली म्हैस कुंडलवाडीच्या बाजारात सापडली. ईश्वरप्पा परत आले, त्यांनी पुन्हा डोळे मिटले, आणि ब्रह्मस्थानी देवाखेरीज कुणी शोभत नाही असं सांगितलं. साहेबरावांची जळजळ थांबली. गाळ्यांचा लिलाव पुढं ढकलला आणि नगरपंचायतीनं ‘क’ वर्ग तीर्थक्षेत्राचा ठराव घेतला. शिवम लातुरात बसून हे सगळं फोनवर ऐकायचा आणि हसायचा. खांब उभा होता. खांब उभा असेपर्यंत त्याला तेहतीस कोटींच्या जोडीला आणखी एकाची हरकत नव्हती.

मग जिलानीचा फोन आला.

“साब, येऊन बघा. तुमच्या देवाला घर करून राहिले.”

शिवम पोचला तेव्हा भक्तांनी खांबाच्या पोटात कोनाडा कोरला होता. चांगला हातभर उंच, अर्ध्याहून खोल, आत मुखवटा बसलेला. मुखवट्याला अडचण नको म्हणून मधल्या सळया कापून काढल्या होत्या. कापलेल्या तुकड्यांना हळदकुंकू वाहून ते बाजूला ठेवले होते. कोनाड्याच्या कोपऱ्यातून एक बारीक तडा तिरका खाली उतरला होता.

“जॅक किती हायेत?”

“हायेत तितके लावतो.”

संध्याकाळपर्यंत जिलानीनं खांबाभोवती लोखंडी जॅकचं रिंगण उभं केलं, वरच्या तुळयांना घट्ट भिडवून. घाम पुसत तो म्हणाला, “देवाला कुबड्या दिल्या साब आपण.”

“ह्या काढल्या तर देव जाईल. देवाबरोबर सगळेच.”

“हौ. म्हाईत हाय.”

शिवम तडक साहेबरावांच्या घरी गेला. त्यानं सांगून टाकलं. “काका, देवबीव काही न्हाई. शेंदूर मी फासला. खांब वाचावा म्हणून.”

साहेबरावांनी सुपारी कातरता कातरता विचारलं, “शेंदूर कुठून आणला?”

“इथूनच. चौकातल्या दुकानातून.”

“तुझ्या गावाहून का न्हाई आणला?”

“आठवलं न्हाई.”

“बघ. पोरगा लातूरचा, शेंदूर हत्तीखेड्याचा, आन् दिवस रविवारचा. तुला वाटून राहिलं तू फासला. अरे, फासणाऱ्याला कळत असतं का?” त्यांचे डोळे खरोखर भरून आले. “सिंधु, शाल आण गं आतली.”

नगराध्यक्षांच्या पत्नीनं शाल आणली. शिवमच्या खांद्यावर ती पडली, हातात नारळ आला, आणि चहा संपेपर्यंत तो खांबोबाचा पहिला भक्त झाला होता. रात्री आनंदराज सरांचा मेसेज आला: सत्कार झाला म्हणे, अभिनंदन, फोटो ग्रुपवर टाक.

उपाय अजून होता. खांबाला बाहेरून लोखंडाचं कवच बसवायचं, सांध्यात काँक्रीट भरायचं. मुखवटा आत राहील, देव जाड होईल, एवढंच. शिवमनं नकाशा काढला. सरांच्या सहीशिवाय लोखंड मिळणार नव्हतं. सही घ्यायला तो पहाटेच्या गाडीनं लातूरला निघाला. निघताना जिलानीला म्हणाला, “मी येईपर्यंत एकही जॅक हलवायचा न्हाई. कुणीही सांगू दे.”

“तुम्ही या बिनधास्त.”

सरांनी दुपारी सही केली. शिवम परतीच्या एस.टी.त बसला, नकाशाची गुंडाळी मांडीवर धरून. त्याच वेळी हत्तीखेड्यात प्राणप्रतिष्ठेची तयारी चालली होती, आणि प्रदक्षिणा घालून बघताना साहेबरावांच्या लक्षात आलं की जॅक आडवे येतात. एक बाई अडखळून पडलीसुद्धा.

“जिलानी, आजच्या पुरते काढ. उद्या पुन्हा लाव.”

“साब न्हाई म्हणले.”

“तुझा साब पहिला भक्त हाय. भक्त देवाची वाट अडवंल का? त्यानंच सांगितलंय मला.”

जिलानीनं शिवमला फोन लावला. एस.टी. घाटात होती, फोन लागला नाही. साहेबराव म्हणाले की तू न्हाई काढले तर आमची पोरं काढतील, त्यांना काढता येत न्हाईत, तुझंच सामान वाकडं होईल. जिलानीनं वर तुळईकडं बघितलं. पोरांनी काढले असते तर एकदम काढले असते. त्यानं आपल्या माणसांना बाहेर पाठवलं, भक्तांना बाहेर पाठवलं, आणि एकेक जॅक सैल करायला एकटाच आत गेला.

शिवमला फोन लागला तो नांदेडात. साहेबरावच बोलत होते. “लवकर ये. स्लॅब खाली बसला.”

“जिलानीभाई?”

“खाली हाय. बोलून राहिला. तू ये.”

तो भाड्याच्या जीपनं पोचला तेव्हा गाव जमलं होतं. हॉलच्या जागी काँक्रीटचा ढीग होता, आणि ढिगाच्या तोंडाशी सी-सातचा खालचा शेंदरी तुकडा ताठ उभा. मुखवटा पडला नव्हता. लोक लांबून हात जोडत होते. जेसीबी आला होता, पण त्याचं इंजिन बंद होतं. आत शिरायला एकच वाट होती आणि त्या वाटेत खांबोबा होता.

“चालू कर!” शिवम ओरडला. “पाड तो!”

जेसीबीवाल्यानं मान हलवली. “मला लेकरंबाळं हायेत साहेब.”

“जिलानीला न्हाईत का?”

“म्हणूनच तुमची वाट बघून राहिलोत,” ईश्वरप्पा शांतपणे पुढं आले. त्यांच्या पायाशी पाट, कलश, ताम्हण मांडलेलं होतं. “ज्याच्या हातानं देव बसला, त्याच्याच हातानं उठवावा लागतो. दुसऱ्या कुणाला अधिकार नाही. बसा.”

नगरपंचायतीचे कर्मचारी, पोलीस, ब्रेकरवाला, सगळे शिवमकडं बघत होते. तिथं पडलेला घण उचलून तो खांबावर धावला. एकच घाव बसला. मग चौघांनी त्याला मागं ओढलं, प्रेमानं, भक्ताला ओढतात तसं. ढिगाच्या आतून बारीक आवाज आला.

“साब आले का?”

शिवमनं पालथं पडून फटीला तोंड लावलं. “आलो जिलानीभाई.”

“वर काय भांडण चाललंय?”

“काही न्हाई. जेसीबी आलाय. आता काढतोच.”

“पायावर तुळई हाय. पाय कळून न्हाई राहिले.” त्याला धाप लागली. “घाई करा.”

शिवम उठला. त्यानं लोकांकडं बघितलं, बंद इंजिनाकडं बघितलं, आणि तो पाटावर जाऊन बसला. याहून जवळची वाट हत्तीखेड्यात नव्हती.

“लवकर करा,” तो म्हणाला.

“विधी आहे तेवढा करावाच लागतो,” ईश्वरप्पा म्हणाले. “आचमन करा. उजव्या हातात पाणी घ्या.”

त्यानं पाणी घेतलं. केशवाय नमः झालं, नारायणाय नमः झालं. ढिगाखालून खोकल्याचा आवाज आला. गणपतीपूजन झालं. देवाला इथून जाण्याची विनंती झाली, त्याचा राग नसावा अशी प्रार्थना झाली. मग जिलानीनं काहीतरी म्हटलं, ते मंत्रात बुडालं. शिवमनं हात वर करून मंत्र थांबवला.

सगळे गप्प झाले. गर्दीतलं एक लेकरूसुद्धा रडायचं थांबलं.

“जिलानीभाई?”

आतून उत्तर आलं नाही. ढिगावरून एक खडा घरंगळत खाली आला.

“गोत्र सांगा,” ईश्वरप्पा हळूच म्हणाले. “संपतच आलंय.”

शिवमनं गोत्र सांगितलं. तळहातातलं पाणी बोटांच्या फटीतून गळून गेलं होतं; त्याला पुन्हा पाणी दिलं. मागं जेसीबीवाल्यानं चपला घातल्या आणि किल्ली फिरवली.