नारळाच्या कानातले किडे

"आले! आले बघा, केवढे!"

बंगळूरच्या बसवनगुडीतल्या मंगल कार्यालयाच्या अंगणात बायका एकमेकींच्या खांद्यांवरून परातीत वाकून बघत होत्या. पाण्यावर पांढरे, वाकडे, बारीक किडे तरंगत होते. शेजारी आमच्या खालच्या मजल्यावरची यशश्री डावा कान दाबून बसली होती. तिची आई प्रेमा रडत हात जोडत होती.

"अम्मा, डॉक्टरची बॅटरी काय बघते? कातडी!" शिवाप्पा स्वामी गर्जला. "माझी नळी मेंदूपर्यंत बघते. सात पिढ्यांचा किडा असला तरी चप्पल न घालता पळत सुटतो!"

नव्वदनंतरची गोष्ट आहे ही. तेव्हा आमच्या रस्त्यावर झाडांची सावली इतकी दाट होती की भर दुपारी छत्री लागत नसे. त्याच सावलीत दर रविवारी स्वामीची रांग लागायची. परातीत पाणी, मधोमध तापलेला लोखंडी ठोकळा, त्यावर तुपात घोळवलेलं काहीतरी, वर उपडं मडकं. मडक्याच्या बुडातल्या नळीतून धूर कानात जायचा. मडकं उचललं की किडे हजर.

आदल्याच दिवशी, शनिवारी, यशश्रीला आणि तिच्या आईवडिलांना मी कानाच्या डॉक्टर पद्माकरांकडे नेलं होतं. तिचा कान कित्येक महिने वाहत होता. डॉक्टरांनी दिव्याची नळी कानात धरली आणि मान हलवली.

"पडदाच दिसत नाही. सगळं तेल आणि घाण. आज तेल घातलंत?"

"शनिवार ना, डॉक्टर," प्रेमा म्हणाली. इथे राहून आम्हा सगळ्यांनाच शनिवारच्या तेलस्नानाची सवय लागली होती. डोक्याला तेल, अंगाला तेल, आणि कानात लसणीचं कोमट तेल.

मग त्यांनी कान तपासायचा, दोन दांड्यांचा पोलादी काटा गुडघ्यावर वाजवून पोरीच्या कपाळावर टेकवला. "आवाज कुठे येतोय?"

यशश्रीने गोंधळून दुखऱ्या कानाकडे बोट केलं.

तिचे वडील नंदकिशोर सरकारी कारखान्यात इंजिनिअर. ते हसले. "तुमचं यंत्र उलटं चालतं की!"

"उलटं नाही. अडथळा अलीकडे आहे, आतली नस जिवंत आहे, म्हणून दुखऱ्या कानातच जास्त घुमतं. हा कान वाचेल. पण पडद्यामागे काय चाललंय ते या दिव्याला दिसत नाही. सोमवारी या, कान साफ करून बघू. लागला तर एक्स-रे काढू."

जिना उतरताना नंदकिशोर म्हणाले, "एवढी मोठी पाटी, आणि म्हणतात दिसत नाही!"

सोमवारी ते गेलेच नाहीत. स्वामीने बजावलं होतं, "लोखंड कानाला लागलं तर किडे परत फिरतील."

पुढच्या रविवारनंतर कान वाहायचा थांबला. प्रेमाने साखर वाटली. पण यशश्री भिंत धरून चालू लागली. "आजी, घर फिरतंय," ती मला म्हणाली. स्वामीकडे उत्तर तयार होतं, किड्यांची राणी निघताना चक्कर येतेच!

मी नंदकिशोरांशी भांडले.

"अक्का, मी डोळ्यांनी किडे पाहिलेत!"

"मडक्याखाली काय ठेवतो, ते पाहिलंत?"

ते तडक निघून गेले. मी मात्र पद्माकरांना गाठलं. रविवारी ते गर्दीत येऊन उभे राहिले. ठोकळा तापला, मडकं उपडं पडलं. नळी पुढे आली तशी त्यांनी पूजेतला नारळ उचलून तिच्या तोंडाशी धरला.

"स्वामी, आधी याचं बघा. फार ठणकतोय बिचाऱ्याला."

लोक हसले. स्वामी मडक्यावर झेपावला, पण फुलवाल्या व्यंकोजीने त्याचा हात धरला. "स्वल्प थांबा, स्वामी. नारळाला बरं वाटू दे."

मडकं उचललं. पाण्यावर पांढरे किडे तरंगत होते.

डॉक्टरांनी ठोकळ्याशेजारची एक बी नखाने फोडली. "भुईरिंगणीच्या बिया. तापल्या की तडकतात आणि आतला अंकुर पाण्यात पडतो. वाकडा असतो, म्हणून किडा वाटतो. कान असो, नारळ असो, किडे निघणारच."

"मंत्र बांधला याने!" स्वामी ओरडला. आणि खरं सांगते, तेव्हाही दोन-तीन बायकांनी त्यालाच नमस्कार केला.

तेवढ्यात नंदकिशोर आले. त्यांच्या खांद्यावर यशश्री तापाने फणफणलेली. दारातच तिला उलटी झाली. डॉक्टरांनी नारळ टाकला आणि तिला थेट इस्पितळात नेलं. पडद्यामागच्या रोगाने हाड खाल्लं होतं. बाहेरची वाट बंद झालेला पू आत शिरला होता. ऑपरेशन झालं, जीव वाचला.

काही आठवड्यांनी डॉक्टरांनी तोच काटा तिच्या कपाळावर टेकवला. तिने थांबून, विचार करून उजव्या कानाला हात लावला.

नंदकिशोरांचा चेहरा उजळला. "आता बरोबर आलं ना? चांगल्या कानात!"

डॉक्टरांनी काटा मुठीत धरून त्याचा आवाज बंद केला. "डाव्या कानाची नस गेली," ते हळूच म्हणाले.

बाबांनो, दिव्याला मर्यादा असते, काट्याला असते, डॉक्टरलाही असते. 'मला इथवरच दिसतं' असं जो म्हणतो, त्याच्याकडे पुन्हा जा. ज्याला सगळंच दिसतं, त्याचं मडकं आधी उचलून बघा.

यशश्री आता मोठी झाली आहे. मला भेटायला येते. ती आली की मी खुर्ची उचलते आणि तिच्या उजव्या बाजूला जाऊन बसते.