तळाला जाऊन आलेली थैली

मित्रांनो, ओळख नंतर सांगते, आधी माझी तक्रार ऐका. पायलनं माझं नाव गिळलं! परदेशातून येऊन तिला आठ दिवस झाले. रोज कोणी ना कोणी भेटायला येतं, आणि ही बया पाय दुमडून बसते नि खोल समुद्रात डोळ्यांवरचा मास्क कसा काढला, ते रंगवून सांगते. त्या गोष्टीत बेट येतं, मासे येतात, देशोदेशीची माणसं येतात. मी तेवढी कुठंच नाही. मी आपली दाराआडच्या खिळ्यावर, अंगावर समुद्राचं मीठ घेऊन लटकलेली.

मी एक जुनी, हिरव्या जाळीची थैली आहे. नागपूरला उन्हाळ्यात गच्चीवर बांधतात ना, ती जाळी. चार उन्हाळे मी ऊन सोसलं, पाचव्या वर्षी वादळानं मला फाडलं. तेव्हा पायलच्या आजीनं, रुख्मिणीबाईनं, माझा धड उरलेला तुकडा कापून घेतला, जुन्या लुगड्याची पट्टी काठाला लावली आणि मशीनवर थैली शिवली. बाई दोन यत्ता शिकलेली, पण तिची शिवण कुणी उसवून दाखवावी! पुढं मी बर्डीच्या बाजारातून भाजी वाहिली. दरवर्षी भिवापूरच्या वाळल्या मिरच्याही माझ्यातच भरत. जाळीतून वारा खेळतो, मिरचीला बुरशी धरत नाही.

पायल पाठीवर सॅक घेऊन दोन महिने फिरायला निघाली, तेव्हा आजीनं मला तिच्या सामानात कोंबलं.

"आजी, तिथं सगळं भेटते न!"

"माह्या हातची थैली भेटते काय? ओले कपडे कायच्यात ठेवशील?"

अशी मी थायलंडच्या एका बेटावर पोचले. एका खोलीत आठ पलंग, आठ अनोळखी माणसं. मला मोठं नवल वाटे. आपल्याकडे पाहुणा आला की आधी आडनाव, मग गाव, मग लग्नाचं. इथं आडनाव न विचारताच माणसं एका ताटात जेवत. कुणी आवाजावरून ओळख धरे, कुणी चपलेवरून. वरच्या पलंगावर टेरेझा नावाची साठीची बाई होती, पोर्तुगालात पावाच्या भट्टीवर काम करणारी. तिनं मला उलटी करून पाहिलं.

"शिवली कुणी?"

"माझ्या आजीनं."

"दुहेरी शिवण! तिला सांग, माझ्या भट्टीवर नोकरी पक्की."

टेरेझा आणि पायल पाण्याखाली पोहायला एकत्रच शिकत होत्या. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी. पायलला सगळं आलं, एक गोष्ट सोडून. पाण्याखाली मास्क काढायचा, परत घालायचा आणि नाकानं जोरात हवा सोडून आतलं पाणी बाहेर काढायचं. लहानपणी एकदा नाकात पाणी गेलं होतं, तेव्हापासून तिचा जीव घाबरे. सरावाच्या तलावात दोनदा ती हातपाय झाडत वर पळाली. शिकवणारी नोई म्हणाली, "उद्या शेवटचा दिवस. जमलं तरच शिकल्याचं कार्ड मिळेल."

पायलनं घरी फोन लावला. "आजी, नाई जमून राहिलं मले."

"मंग ये घरी. रडून समुद्र काहून वाढवून राहिली?"

दुसऱ्या दिवशी होडीत नोईची नजर माझ्यावर पडली. पाणी झरझर गळून जातं हे पाहून ती खूश झाली. तळाशी पडलेलं प्लास्टिक गोळा करायला तिनं मला पायलच्या कमरेला अडकवलं. माझी मान ताठ झाली! तेवढ्यात पायलनं मास्कची काच माझ्या काठानं आतून पुसली. अगं, त्या काठात किती वर्षांची मिरची मुरलेली! पण थैलीचं ऐकतं कोण?

आम्ही खाली गेलो. मित्रांनो, काय काय पाहू असं झालं मला. पिवळे मासे माझ्या जाळीला तोंड लावून बघत होते, जणू बर्डीवर भाव करायला आलेल्या बाया. तळाशी गुडघे टेकतो न टेकतो, तोच मास्कमध्ये थोडं पाणी शिरलं आणि मिरची जागी झाली. पायलनं मास्क ओरबाडून काढला. वर जायला पाय मारला. मला वाटलं, पळाली! टेरेझानं समोर तळहात धरला : थांब. पायल थांबली. खाऱ्या पाण्यात डोळे चोळले, चाचपत मास्क घातला, मान वर केली, नाकानं हवा सोडली. पाणी गेलं. नोईनं बोटांचं कडं करून 'छान' अशी खूण केली. कार्ड मिळालं.

पण होडीत माझा काठ हुंगून ती टेरेझाला हळूच म्हणाली, "मी केलं नाही. माझ्याकडून झालं."

तेव्हापासून ती गोष्ट मोठ्यानं सांगते आणि माझ्या खिळ्याकडे बघायचं टाळते.

हे तुम्हाला सांगतेय तोवर तिची मामेबहीण मेघा आली. "पन तुह्यी भीती गेली कशी वं?"

"मनाची तयारी केली न," पायल म्हणाली.

भाजी आणायला म्हणून रुख्मिणीबाईनं मला खिळ्यावरून काढलं, झटकलं आणि सटासट चार शिंका दिल्या. "अवं, हे तर मिरचीची! न धुताच गेलती काय तुह्यासंगं?"

पायलचा चेहरा उतरला. मग तिनं काच पुसल्यापासून सगळं सांगितलं. "थे कार्ड माह्यं नाई, आजी. मिरचीचं होय." मेघा हसली, पण पायलच्या डोळ्यांत पाणी होतं.

रुख्मिणीबाईनं मला तिच्या मांडीवर टाकलं.

"मास्क मिरचीनं काढवला, कबूल. भिवापूरची होय, कोनालेई नाचवते. पन डोये जळून राहिले असतानी वर न पळता तो परत घातला कोनं? मिरचीले हात असतेत काय वं? कार्ड तुह्यंच होय. आठ दिवस अर्धी गोष्ट सांगून राहिली, थे चुकलं. ऊठ आता, थैली धुऊन आन. तिले मीठ खाऊन राहिलं."