आत्याने बांधलेला दोर

मित्रांनो, मी कुंभकोणमची जुनी पितळेची घागर. जन्मले पाणी भरायला, पण नाव कमावले ते रिकाम्या पोटाने. कसे ते ऐका.

महालिंग नावाच्या कारागिराने मला घडवले. आधी खालचा भाग ठोकला, मग वरचा, आणि पोटाशी डाख देऊन दोन्ही सांधले. नंतर हौदात दाबून पाहिले. सांध्यातून एक बुडबुडा आला नाही. "ही दगा द्यायची नाही," तो म्हणाला. स्वतःची स्तुती करू नये म्हणतात, पण मी त्याचे शब्द सांगते आहे, माझे नव्हेत.

भवानीच्या लग्नात मी आंदण म्हणून आले. तिची सासू मीनाक्षीबाई ही तिच्या वडिलांची सख्खी बहीण. आमच्या तमिळ मुलखातल्या मराठी घरांत मामेबहीण करून घेतात, म्हणून भवानी सासूलाही आत्याच म्हणे. तिचा नवरा सेतुराम अबोल माणूस. त्या घरात बोलण्याचे काम आत्याच करी, सगळ्यांच्या वाटचे.

कावेरीकाठच्या मुली घागरीवरच पोहायला शिकतात. रिकामी घागर पाण्यात पालथी घालायची, तिच्या पोटात हवा कोंडते. मग ती छातीशी कवटाळून पाय मारायचे. भवानीने आळीतल्या किती मुलींना माझ्यावर शिकवले, याची गणती नाही. तिला स्वतःला माझी गरज नव्हती. आडी या तमिळ महिन्याच्या अठराव्या दिवशी, ऐन पावसाळ्यात, बायका भरलेल्या कावेरीला चित्रान्न, म्हणजे फोडणीचे रंगीत भात, घेऊन जातात, जणू लेकीचे डोहाळेच पुरवतात. त्या दिवशी भवानी नऊवारीचा काष्टा घट्ट खोचून पैलतीर गाठायची. दरवर्षी. मी पायरीवर बसून मिरवायची.

मग एका वर्षी तिच्या छातीत गाठ निघाली. सेतुरामने तिला मद्रासला नेले. तिथल्या डॉक्टरांनी तिचा डावा स्तन काढून टाकला. घरात तो शब्द कुणी उच्चारत नसे. 'ते दुखणे' म्हणत. मी पितळेची, मला कसली लाज? जे काढले त्याचे नाव मी घेते. काखेपर्यंत टाके होते, आणि हात खांद्याच्या वर जात नव्हता.

भवानी परतली तशी मला माळ्यावर टाकले. बुधवारी आणि शुक्रवारी चिंच लावून घासलेली मी, काळीठिक्कर पडले. माझ्या गळ्यात पालीने अंडी घातली. मित्रांनो, मला तेव्हा वाईट वाटले, आणि रागही आला.

माळ्यावरून मला मागचे अंगण दिसे. भवानी रोज भिंतीशी उभी राही आणि डाव्या हाताची बोटे चुन्यावरून वर वर चालवी. जिथे हात अडे तिथे कोळशाने रेघ मारी. ओठ दातांत धरलेले, डोळ्यांत पाणी. दुसऱ्या दिवशी रेघ बोटभर वर. एखादे दिवशी खालीच. मग ती भिंतीलाच म्हणे, "उद्यां बघतें तुजला."

मेट्टूरच्या धरणाचे पाणी सुटले, कावेरी भरली, आणि एका सकाळी भवानीने मला माळ्यावरून उतरवले.

"कोठें नेतेस?" मीनाक्षीबाईंनी विचारले.

"नदीला, आत्या. आडी अठराला मीं पलीकडे जाणार."

"अय्यो! जीव वांचला तो काय कमी झाला? लोक बघतील."

"लोकांनीं माझें दुखणें घेतलें नाहीं, मग माझें पोहणें कां घ्यावें?"

आत्याने खूप सांगितले. पण भवानीला उपदेश म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. आणि पालथ्या घड्याची किंमत मला विचारा!

पहिल्या दिवशी तिने मला सवयीने छातीशी धरले. माझा काठ तिच्या वणावर टेकला आणि ती कळवळली. आयुष्यात प्रथमच मला माझ्या पितळेपणाची लाज वाटली. तिने मला दूर केले, उजव्या हाताने माझा गळा लांब धरला आणि नुसते पाय मारू लागली. घाटावरच्या बायका धुणे सोडून बघू लागल्या. ओली चोळी एका बाजूला सपाट होती, ते दिसतच होते. भवानी पायरीवर ताठ उभी राहिली. "बघा, एकदांचें बघून घ्या," ती म्हणाली, आणि पुन्हा पाण्यात उतरली. चौथ्या दिवशी कुणी बघेनासे झाले.

महिनाभर हे चालले. डावा हात रुसल्यासारखा मागे राही, तरी पाणी कापू लागला. पण मला सोडून ती एकदाही पोहली नाही. तिला भीती वाटे. सांगत नव्हती, पण तिची बोटे माझ्या गळ्याभोवती होती, मला कळत होते.

आडी अठरा उजाडली. घाट बायकांनी फुलला. भवानी काष्टा खोचत होती, तेवढ्यात मीनाक्षीबाईंनी पदराआडून विहिरीचा दोर काढला आणि माझ्या गळ्याला तीन गाठी मारून बांधला.

"हें काय, आत्या?"

"दोर असला तर मजला धीर. नाहीं म्हणूं नको." भवानीने गाठी तशाच राहू दिल्या.

आम्ही निघालो. मधल्या धारेपर्यंत सगळे ठीक होते. धारेने आम्हांला जरा खालच्या अंगाला ओढले मात्र, आणि काठावर मीनाक्षीबाई घाबरल्या. त्यांनी दोर खेचला. मित्रांनो, माझे तोंड खाली होते तोवर माझ्यात हवा होती. दोराने माझी मान तिरपी झाली, आणि बुडबुड करत ती सगळी निघून गेली. महालिंगाचा सांधा टिकला; मी मात्र दगा दिला. दगड होऊन खाली निघाले, आणि भवानीची बोटे अजून माझ्या गळ्यात. ती माझ्याबरोबर खाली आली. तिच्या नाकातोंडात पाणी गेले. आंदणाची घागर, आत्याची गाठ, सोडणार कशी? सोड, वेडे, सोड, मी मनात ओरडत होते. घागरीचे कोण ऐकते?

तिने सोडले. एकेक बोट नव्हे, झटक्यात.

मला दोराने ओढत आणले. मीनाक्षीबाई जिवाच्या आकांताने खेचत होत्या. दोर जड लागत होता, म्हणजे टोकाला भवानी आहे, असे त्यांना वाटले. पायरीशी मी वर आले, काठोकाठ भरलेली, एकटी. तो चेहरा मी विसरणार नाही. बायकांनी आक्रोश केला.

तेवढ्यात पैलतीरावरून हाक आली, धापा टाकत, पण खणखणीत:

"आत्या! चित्रान्न काढा! मजला भूक लागली!"

मीनाक्षीबाई पायरीवर बसल्या. रडल्या, हसल्या, पुन्हा रडल्या. मग ओरडल्या, "तेथेंच थांब! होडी पाठवितें!"

"होडी कशाला? आलें तशी येतें!"

आत्याने दोराकडे पाहिले. दोर त्यांच्या हाताला काचला होता. त्यांनी तो सोडून दिला आणि दोन्ही हातांनी स्वतःचे गुडघे घट्ट धरले. भवानी धारेत उतरली. उजवा हात पुरा, डावा अर्धा. ती इकडे पोहोचेपर्यंत मीनाक्षीबाईंनी डोळ्याची पापणी हलवली नाही.

मित्रांनो, आम्हां घागरींना चिंचेने घासा, पोचा आला तर काढून घ्या, माळ्यावर टाकू नका. एवढे तर मी मागणारच. पण तुमच्या घरी कुणी मोठ्या दुखण्यातून उठले आणि पुन्हा पाण्याकडे निघाले, तर काठावर जाऊन बसा. भीती वाटेल, वाटू द्या. घास काढून ठेवा. आणि तिला पोहू द्या.