पोकळीसरांची मुद्रा

शेवटी तिच्या बाबांनी आईशी बोलणं बंद केलं. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं धरून चालू. असं काही घडलेलं नाही. बाबा घरी स्वयंपाकघरात मजेत बोलताहेत, चहाला उकळी येतेय, आणि आपण आहोत विद्यापीठात, शनिवारी सकाळी, दुसऱ्या मजल्यावरच्या एका वर्गात, जिथे पाय ठेवायला जागा नाही.

गर्दी संशोधक विद्यार्थ्यांची होती. संशोधक विद्यार्थी म्हणजे ज्याला “संपलं का रे?” असं विचारलं की जो ताटावरून उठतो, असा माणूस. त्याला आयुष्यात एकच गोष्ट हवी असते: आजवर कोणीच न केलेलं काहीतरी. आधीच्या विद्वानांनी सगळीकडे रुमाल टाकून जागा धरून ठेवलेल्या असतात. त्यांच्या मधे कुठेतरी आपल्याला टेकता येईल एवढी रिकामी जागा हवी. या रिकाम्या जागेला तिथे पोकळी म्हणत. पोकळी मिळाली की विषय मंजूर. नाही मिळाली तर माणूस ग्रंथालयात वाचतच राहायचा. काहींची ठरलेली लग्नं त्या टेबलांवर मोडली होती. एकजण तर भरगच्च केसांनिशी आत गेला होता, तो बाहेर आला तेव्हा पहारेकऱ्याने त्याच्याकडे ओळखपत्र मागितलं.

आणि हेच काम पोकळीसर चहा गार व्हायच्या आत करून देत.

सरांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ती पाटी वाचायची गरज कोणाला पडत नसे. समोर भिंतीवर मोठा पडदा, कोपऱ्यात संगणकाशी त्यांचा सहायक, आणि मधे खुर्चीत सर. विद्यार्थी पुढे आला की ते डॉक्टरसारखं विचारत, “कुठे अडतंय?”

त्या दिवशी पहिला नंबर गांडुळांवर काम करणाऱ्या एका मुलाचा होता. त्याने छापील लेखांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. सरांनी त्यावर तळवा टेकवला आणि डोळे मिटले.

“फार गर्दी आहे रे इथे,” ते पुटपुटले. “इथेही बसलेत. इथे तर एकमेकांच्या मांडीवर बसलेत. थांब, थांब. या कडेला हाताला वारा लागतोय.”

वर्ग श्वास रोखून बसला. सरांनी दोन्ही हात खांद्यांपर्यंत नेले, दोन-दोन बोटं उभी केली आणि हवेत अलगद वाकवली. हीच ती प्रसिद्ध पोकळीमुद्रा. निम्म्या विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर आईवडिलांच्या फोटोच्या जागी हिचा फोटो होता.

“लिहा,” सर म्हणाले. “ओलसर कुंड्यांमधील गांडुळांची सामाजिक अलिप्तता.”

सहायकाने टाइप केलं. जगभरातलं संशोधन ज्यात साठवलंय ते शोधयंत्र क्षणभर गरगरलं आणि पडद्यावर अक्षरं उमटली: एकही नोंद सापडली नाही.

वर्गातून सुस्कारा उठला. एकीने डोळे पुसले. गांडूळवाला सरांच्या पायांशी वाकला आणि वाकल्या वाकल्या त्याने विचारलं, “पण सर, गांडुळं खरंच अलिप्त असतात का?”

“ते तू शोध. मी फक्त जागा दाखवतो.”

त्याच्यामागे आपली ती उभी होती. विभागात तिला ‘पहिलं वर्ष’ म्हणत. वर्ष सरलं की नाव बदलायचं, एवढाच काय तो तिथला विकास. तिने गठ्ठा आणला नव्हता.

“विषय?” सरांनी विचारलं.

“माझी आई मागच्या वर्षी गेली,” ती म्हणाली. “बाबा रोज सकाळ-संध्याकाळ चहा करताना तिच्याशी बोलतात. गुडघा कसा आहे, शेजाऱ्यांनी गाडी कुठे लावली, वांगी कशी निघाली. मोठ्याने. मला हे समजून घ्यायचंय की माणूस असं का करतो, आणि त्यात काळजीचं काही आहे का.”

सरसुद्धा क्षणभर माणसासारखे दिसले. मग त्यांनी डोळे मिटले आणि बोटं उचलली.

“लिहा. जोडीदाराच्या निधनोत्तर काळातील स्वयंपाकघरीय एकपात्री निवेदनपरता.”

एकही नोंद सापडली नाही.

ती पळत पळत घरी गेली. बाबा ओट्याशी उभे होते. “...आणि तो कल्हईवाला म्हणतो, पातेलंच बदला. मी म्हटलं, बाबा रे, पातेलं माझं नाही, हिचं आहे, हिला विचारतो.” लेक दिसली तसे ते थोडे ओशाळले आणि गॅस बारीक केला.

“बाबा, विषय मिळाला,” ती म्हणाली. “तुम्हीच माझा विषय. तुम्ही आईशी बोलता ना, त्यावर सबंध जगात एक अक्षर लिहिलेलं नाही. एकही नोंद नाही. मी स्वतः पाहिलं.”

“एकही नाही?”

“एकही नाही. तुम्ही पहिले.”

पोरीचा चेहरा इतका उजळला होता की बाबांनी तिला पेढा आणायला सांगावं की काय असा विचार केला. मग त्यांनी चहा गाळला. एकच कप गाळला. तिने ते पाहिलं, पण ते पाहणं नव्हतं, नुसते डोळे उघडे होते.

घरात बाबांची धाकटी बहीण, म्हणजे आत्या, दर रविवारी येई. भावाच्या डोक्यावर परिणाम झालाय असं तिचं मत होतं, आणि वहिनीचा जीव ओट्यापाशी अडकलाय असंही तिचं मत होतं. दोन्ही मतं ती एकाच दमात मांडी. एका मांत्रिकाकडे भावाला न्यायचं तिने कधीपासून मनात घेतलं होतं, पण बाबा ऐकत नव्हते.

“बघ दादा,” त्या रविवारी ती म्हणाली, “मी अडाणी म्हणून माझं ऐकलं नाहीस. आता विद्यापीठानेच सांगितलं. सगळ्या जगात असलं कोणी करत नाही. पोरीचा मान तरी ठेव.”

बाबांनी पोरीचा मान ठेवला.

ती तेव्हा ग्रंथालयात बसून आराखडा लिहीत होती. दर आठवड्याला ती सरांनी दिलेलं ते वाक्य शोधयंत्रात घालून पाही, तसंच, सरांनी टाइप करवलं होतं तसंच, मधल्या काळात कोणी येऊन आपल्या जागेवर बसलं नाही ना, या धास्तीने. कोणी बसलेलं नसे. शून्य बघून ती सुखाने झोपे. असा आनंद फक्त याच धंद्यात मिळतो. बाकी सगळीकडे काही सापडलं नाही की माणूस चिंतेत पडतो.

‘पहिलं वर्ष’चं ‘दुसरं वर्ष’ झालं, आणि एका संध्याकाळी घरी चहा पिताना तिच्या लक्षात आलं की फ्रिजचा आवाज येतोय. या फ्रिजला आवाज आहे हे तिला माहीतच नव्हतं. तिने बाबांकडे नीट पाहिलं. शर्टाची कॉलर मानेभोवती सैल झाली होती.

ती त्यांना नेहमीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी नाडी पाहिली, वजन पाहिलं, नाक मुरडलं.

“काय काका, काकूंशी गप्पा कशा चालल्यात?”

“बंद केल्या.”

“का बरं?”

“जगात कोणी करत नाही म्हणे.”

“कोण म्हणतं?”

बाबांनी लेकीकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर अभिमान होता, तेच वाईट झालं. “हिने संशोधन केलंय,” ते म्हणाले.

बाईंनी गळ्यातली नळी काढून टेबलावर ठेवली. “या बाकावर बसणारे निम्मे लोक बोलतात, काका. उरलेले मला सांगत नाहीत.” मग तिच्याकडे वळून म्हणाल्या, “नातं पुढे चालू राहणं म्हणतात याला. आम्हाला शिकवलंय. तू काय शोधलंस तरी काय?”

घरी येऊन तिने शोधयंत्र उघडलं. सरांचं वाक्य लिहायला बोटं आपोआप गेली, आणि पहिल्यांदाच तिने आपली बोटं काय करताहेत ते पाहिलं. वाक्याच्या आधी त्यांनी एक चिन्ह टाइप केलं. वाक्यानंतर एक चिन्ह टाइप केलं. दोन-दोन बारीक रेघा, वर लटकलेल्या. अवतरणचिन्हं.

तिने आपले दोन्ही हात खांद्यांशी नेले, दोन-दोन बोटं उभी केली आणि वाकवली. मग हात खाली घेतले.

तिने दोन्ही चिन्हं पुसली, ‘निवेदनपरता’ही पुसली आणि साध्या शब्दांत लिहिलं: शोक, जोडीदार, चालू राहिलेलं नातं. पडदा भरला. खाली सरकवला, पुन्हा भरला. तिच्या जन्माच्या आधीपासून लोक यावर लिहीत होते. विधवा, विधुर, आया, जुळ्यातला मागे राहिलेला एक. फोटोशी बोलणारे, खुर्चीशी बोलणारे, गाडी चालवताना शेजारच्या रिकाम्या सीटशी बोलणारे. बहुतेकांना त्याने बरं वाटत होतं. तिने वाचलं, आणि वाचता वाचता तिचा प्रबंध एकेक पान करून संपत गेला.

शनिवारी ती पुन्हा रांगेत उभी राहिली.

“कुठे अडतंय?” सर म्हणाले.

“सर, पाणी.”

“पाण्यावर फार गर्दी आहे.” त्यांनी डोळे मिटले.

“तुम्ही राहू द्या, मी करते.” तिने बोटं वर केली. “लिहा. पाणी हे बहुतांश प्रसंगी ओले असल्याचे आढळून येते.”

सहायकाने सवयीने टाइप केलं. एकही नोंद सापडली नाही.

“अभिनंदन,” ती म्हणाली. “पाणी ओलं असतं हे आजवर जगात कोणाच्या लक्षात आलेलं नाही.”

मागे कोणीतरी खुदकन हसलं. तिने पडद्यावरच्या त्या बारीक रेघांवर बोट ठेवलं. “ही अवतरणचिन्हं. ती घातली की यंत्र अर्थ शोधत नाही. नेमके हेच शब्द, नेमके याच क्रमाने, कोणी लिहिलेत का, एवढंच बघतं. जितकं लांब आणि विचित्र वाक्य, तितकं शून्य पक्कं. तुमच्या आजीचं नाव आणि तिच्या चपलेचा नंबर घाला, तेही शून्यच येईल. सरांची मुद्रा म्हणजे सहायकाला केलेली खूण आहे: चिन्हं घाल.” तिने चिन्हं पुसली, ‘पाणी’ आणि ‘ओलेपणा’ एवढंच ठेवलं. पडदा भरून वाहू लागला.

टाळ्या वाजल्या नाहीत. वर्गात प्रत्येकाच्या पोटात आपापलं शून्य होतं.

“ताई,” गांडूळवाला हळूच म्हणाला, “माझं तेवढं काढू नका. माझा प्रबंध बाइंडिंगला गेलाय.”

सर शांत होते. “कोणी काम केलेलं नाही, असं मी कधी म्हटलं?” ते म्हणाले. “नोंद सापडली नाही, एवढंच पडद्यावर येतं. ते खोटं आहे का?”

“नाही.”

“मग? विषय तुझाही बुडाला. कमावलंस काय?”

“बाबा बोलायचे थांबलेत, सर,” ती म्हणाली. सरांना ते काय ते कळलं नाही. त्यांना तिचा चेहराही आठवत नव्हता.

घरी तिने छापलेले लेख बाबांसमोर ठेवले आणि एकेक वाचून दाखवू लागली. बाबा विमा एजंटचं ऐकतात तसं नीट ऐकत होते.

“म्हणजे बरेच जण बोलतात,” ते म्हणाले.

“बरेच. माझं चुकलं, बाबा. मी नीट शोधलंच नव्हतं.”

“काय बोलतात ते?”

“तुमच्यासारखंच. भाजी, गुडघा, शेजारी.”

“बरं वाटलं ऐकून.” ते उठले. स्वयंपाकघरात गेले. तिने गॅस पेटल्याचा आवाज ऐकला, पाणी ओतल्याचा ऐकला. मग बाबांनी घसा खाकरला. ती दाराबाहेर भिंतीला टेकून उभी राहिली. त्यांनी पुन्हा घसा खाकरला. चहा उकळून वर आला, खाली बसला.

बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात दोन कप होते. एक तिचा होता.

“नाही जमत गं,” ते म्हणाले. “आई नाहीये हे मला तेव्हाही माहीत होतं, कप मी एकच गाळायचो. मला काही वेड लागलं नव्हतं. पण बोलायला लागलं की ते विसरायला व्हायचं. आता तोंड उघडायच्या आधीच आठवतं.” मग तिचं तोंड बघून घाईने म्हणाले, “तू नको मनाला लावून घेऊ. चहा घे. साखर बघ बरोबर आहे का.”

साखर नव्हतीच. ती बरोबर आहे म्हणाली.

तेव्हा वाचकहो, मुद्रा करणारे पुष्कळ भेटतील. काहींच्या अंगावर भगवं असेल, काहींच्या गळ्यात विद्यापीठाचं ओळखपत्र. त्यांनी शून्य दाखवलं की दोनच गोष्टी विचारा: कुठे शोधलंत, आणि कोणत्या शब्दांत. न सापडणं वेगळं आणि नसणं वेगळं. एवढं विचारायला पदवी लागत नाही, आणि हे न विचारता मिळालेल्या पदवीचा कोणाला उपयोग नाही. आणि विचारायचं असेल तर लवकर विचारा. खरं काय ते उशिरा कळलं तरी खरंच असतं, पण मधल्या काळात घरातलं माणूस गप्प होऊन बसतं.

तिने संशोधन सोडलं. सोडताना कारण कळवावं लागतं, म्हणून तिने कुलसचिवांना अर्ज केला, तो आजही तिथे ‘कार्यवाहीसाठी’ पडून आहे:

“विषय: बंद पडलेले घरगुती संभाषण पूर्ववत सुरू करून मिळणेबाबत. महोदय, आपल्या संस्थेने अस्तित्वात नाही असे कळविलेली बाब अस्तित्वात असल्याचे आढळून आले आहे. दरम्यान ती माझ्या घरातून नाहीशी झाली. तरी सदर बाब मूळ स्थितीत, मूळ जागी, शक्यतो संध्याकाळच्या सुमारास, माझ्या वडिलांना परत करण्याचे आदेश संबंधितांस देण्यात यावेत, ही विनंती.”